सांगली लागते, पुणे लागत नाही: आत्याच्या रेडिओची पूर्ण केस

२०१३ ची दिवाळी. साताऱ्याजवळ आमचं गाव, तिथं गेलं की आत्या आधी पाण्याचा तांब्या हातात देते आणि मग बोलते, त्या वर्षी तांब्या राहिला बाजूला, दारातच म्हणाली, "आरं, रेडिओ बघ आधी. सांगली लागतीय, पुणं काय लागंना."

रेडिओ जुनाच, दोन बँडचा, मोठे चार सेल लागणारा, मागचं झाकण रबरबँडने धरलेलं. दिवाळीआधी घराला रंग काढला तेव्हा फळीवरून खाली पडला. मग गावातल्या एकाने उघडला, काहीतरी चिकटवलं, काहीतरी फिरवलं, शंभर रुपये घेतले आणि चालू करून दिला. चालू म्हणजे खरोखर चालू होता, सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर खणखणीत. पण डायलवर ७९२ ला, जिथे पुणे लागायला पाहिजे, तिथे नुसती खरखर आणि त्या खरखरीच्या मागे कुणीतरी बातम्या सांगतंय असा भास. आत्याला सकाळच्या पुण्याच्या बातम्या लागतात म्हणजे लागतातच, त्याशिवाय तिचा चहा उकळत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, त्यामुळे घरच्यांच्या मते मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं मला यायलाच पाहिजे. पण ही केस मला खरंच आवडली, कारण हे एकच वाक्य, सांगली लागते पुणे लागत नाही, याच्यात रेडिओ एक स्टेशन कसं निवडतो त्याचं सगळं गणित बसलेलं आहे, फक्त ते मला तेव्हा कळलं नाही, तीन आठवडे लागले आणि मध्ये एक गाढवपणाही झाला, तोही सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्यायची. आत्याच्या घरात त्या क्षणी पुणे, सांगली, मुंबईची दोन, जळगाव, सगळी स्टेशनं एकदम हजर असतात. कोणी जास्त जोरात कोणी कमी, पण रेडिओच्या आत जी काळी कांडी असते, फेराइट रॉड, तिच्यावर गुंडाळलेल्या तारेत या सगळ्यांचा करंट एकाच वेळी येतो. बटण फिरवल्यावर रेडिओ कुठे जाऊन स्टेशन शोधत नाही. आलेल्यांपैकी एकाला डोलू देतो, बाकीच्यांना तिथल्या तिथे बसवतो, एवढंच काम.

डोलू देतो म्हणजे काय, तर निम्मी भरलेली बादली घेऊन चालून बघा. एका ठराविक चालीला पाणी असं हिंदकळायला लागतं की थेट पायावर, आणि तुम्ही काही जोर लावलेला नसतो, फक्त तुमची चाल आणि पाण्याची चाल जुळलेली असते. जरा भरभर चाला किंवा जरा हळू, पाणी शांत. आता बादलीच्या जागी मोठं घमेलं घेतलं तर तेच पाणी सावकाश हिंदकळतं, छोट्या तांब्यात भरभर. भांडं बदललं की चाल बदलली.

रेडिओत हे भांडं दोन वस्तूंचं असतं. एक ती रॉडवरची कॉइल, दुसरा गँग कंडेन्सर, बटणाच्या मागे पांढरट प्लास्टिकची चौकोनी डबी असते ना, दुकानात पीव्हीसी गँग म्हणतात ती. कंडेन्सरमध्ये चार्ज साठतो, तो कॉइलमधून वाहायला लागतो, कॉइलला एकदा वाहायला लागलेला करंट थांबवायला आवडत नाही त्यामुळे ती कंडेन्सर उलट्या बाजूने भरून टाकते, मग तो परत रिकामा, परत उलटा. हेच हिंदकळणं. पुण्यासाठी ते सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा व्हायला हवं. किती वेळा होईल हे कॉइल आणि कंडेन्सरच्या मापांचा गुणाकार ठरवतो, गुणाकार मोठा तर फ्रिक्वेन्सी कमी, आणि त्यात वर्गमूळ आहे, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट करायची तर गुणाकार चौथाई करावा लागतो. मीडियम वेव्ह ५३० पासून साधारण १६०५ पर्यंत, म्हणजे तिपटीला थोडं वर, म्हणून गँगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊपट फरक पाडावा लागतो.

आकडे घेऊ, कारण पुढे सगळी मजा आकड्यांत आहे. कॉइलचं माप मायक्रोहेन्रीत, कंडेन्सरचं पिकोफॅरडमध्ये. असल्या रेडिओत कॉइल साधारण ६०० मायक्रोहेन्रीची. तिच्याबरोबर ७९२ वर यायला एकूण ६७ पिकोफॅरड लागतात, सांगलीच्या १२५१ ला फक्त २७, आणि मुंबईच्या ५५८ ला १३५ च्या आसपास. बटण फिरवतो तेव्हा गँगचे पत्रे एकमेकांत कमी-जास्त सरकतात आणि हा आकडा बदलतो, भांडं घमेल्याचं तांब्या होतं.

आणि ७९२ वर असं होतं की कॉइल एकटी त्या करंटला ३००० ओहमच्या आसपास अडवते, कंडेन्सरही तेवढाच अडवतो, पण दोघं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध. मग दोघांचं अडवणं कटतं आणि शिल्लक राहतो तो फक्त तारेचा आणि रॉडचा तोटा, समजा ३० ओहम. ३००० भागिले ३० म्हणजे १००, याला क्यू म्हणतात. पुण्याचा सिग्नल त्यामुळे तिथे शंभरपट फुगतो. फ्रिक्वेन्सी दहा टक्के इकडेतिकडे असलेल्याला मात्र हे कटणं मिळत नाही, त्याच्यासाठी पाचशेच्या वर ओहम शिल्लक राहतात, म्हणजे तो वीसेक पटीने मागे पडतो. एवढंच आहे रेझोनन्स, बाकी सगळी सजावट. त्या कॉइलची तार नीट बघितलीत तर ती एक तार नसते, केसासारख्या बारीक तारांचा पीळ असतो वरून रेशीम किंवा दोरा गुंडाळलेला, लिट्झ वायर, हा सगळा खटाटोप ते ३० ओहम ३० च राहावेत म्हणून.

आता केस. पहिल्या दिवशी संध्याकाळी ओसरीत वर्तमानपत्र पसरून उघडला. पडल्याच्या खुणा दिसत होत्या, एक कोपरा टिचलेला, आणि रॉडवर कॉइलच्या कडेला एपॉक्सीचा जाड गोळा. मी म्हटलं ठीक आहे, रॉड क्लिपमधून निसटली असेल, चिकटवली. हा माझा पहिला आंधळेपणा. दुसरा त्याहून मोठा, मी सरळ स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आयएफटी फिरवायला लागलो, त्या छोट्या चौकोनी पत्र्याच्या डब्या असतात ना, पिवळी, पांढरी, काळी. पुणे कमी येतंय, पिवळी फिरवू, जरा वाढलं वाटतंय, पांढरी फिरवू. अर्ध्या तासाने सांगलीपण कमी झाली. आत्या चुलीजवळून बघत होती, काही बोलली नाही, ते न बोलणं मला पुरेसं होतं. रात्री साडेदहापर्यंत बसून कानाने परत सगळ्या डब्या जागेवर आणल्या. फिरवण्याआधी पेनने खूण करायची हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, म्हणजे अज्ञान वगैरे काही नव्हतं, घाई होती.

सकाळी डोकं ताळ्यावर आल्यावर विचार केला. आपले हे रेडिओ सुपरहेट जातीचे, अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये काढलेली युक्ती. आत स्वतःचा एक ऑसिलेटर असतो, म्हणजे आपणहून हिंदकळत राहणारं सर्किट, लाल डबी त्याची, तो नेहमी स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ जास्तीवर चालतो, पुण्यासाठी ७९२ अधिक ४५५ म्हणजे १२४७ वर. दोघांची वजाबाकी ४५५ निघते आणि त्या तीन डब्या कायम ४५५ लाच बसवलेल्या असतात, शेजारशेजारची स्टेशनं वेगळी काढायचं बारीक काम तिथे होतं. आपल्याकडे मीडियम वेव्हला स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने दिलेली, क्यू १०० चा एक सर्किट ७९२ ला ८ किलोहर्ट्झ रुंद असतो आणि १२५१ ला साडेबारा, त्यामुळे एकट्या अँटेना कॉइलच्या, म्हणजे त्या रॉडवरच्या कॉइलच्या, जिवावर हे जमणं अवघडच. गँगला दोन भाग असतात, एकाच दांड्यावर, एक अँटेनाचा एक ऑसिलेटरचा, दोघं बरोबर फिरतात.

याचा अर्थ असा निघतो की सुई कुठे आली की स्टेशन लागतं हे ऑसिलेटर ठरवतो, आणि ते किती जोरात लागतं हे अँटेनाचं सर्किट. आत्याच्या रेडिओत पुणे ७९२ लाच, अगदी खुणेवर, फक्त मेलेलं. म्हणजे ऑसिलेटर ठीक, ४५५ च्या डब्या ठीक (होत्या, माझ्या आधी), गडबड अँटेनाच्या भांड्यात. भांड्याचा आकार बिघडलाय, ७९२ ला दुसरंच काहीतरी डोलतंय. पण मग सांगली का चांगली? भांडं बिघडलं तर सगळ्यांनाच बिघडायला पाहिजे.

इथे मी आत्याच्या देवघरातली पळी मागितली. पूजेची पळी, पितळेची. ती पहिल्यांदा बघत राहिली, मग म्हणाली, "धुऊन ठेव नंतर."

युक्ती जुन्या मेकॅनिक लोकांची आहे. कॉइलजवळ फेराइटचा तुकडा नेला की कॉइलची इंडक्टन्स, म्हणजे तिचं ते मायक्रोहेन्रीतलं माप, वाढते, पितळ किंवा तांबं नेलं की कमी होते, कारण पितळेत उलटा करंट फिरायला लागतो. काही न उचकटता, काही न फिरवता कळतं की कॉइल जास्त झालीय की कमी. माझ्या बॅगेत जुन्या रेडिओच्या रॉडचा एक बोटभर तुकडा होता (असल्या माणसाच्या बॅगेत तो असतोच). पुणे लावलं, तुकडा रॉडच्या टोकाला नेला, आणि खरखरीतून बाईंचा आवाज वर आला, साफ नाही पण शब्द कळतील असा. तुकडा काढला, गेला. पळी नेली, होता तोही गेला. मग सांगली लावली. तुकडा नेला, कमी. पळी नेली, तरी कमी.

दोन मिनिटांत केस फुटली. पुण्याला कॉइल कमी पडतेय, सांगलीला मात्र नेमकी बसलीय. आणि एकच कॉइल एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर अशी तेव्हाच दिसते जेव्हा कोणीतरी ट्रिमरने मलमपट्टी केलेली असते.

गँगच्या पाठीवर छोटे स्क्रू असतात, ते ट्रिमर. गँगच्या कुठल्याही जागी ते ठराविक थोडेसे पिकोफॅरड वाढवतात. अँटेनाच्या ट्रिमरच्या स्क्रूवर ताजा ओरखडा होता. मग काय झालं असेल ते उघड होतं. रॉड पडून तुटली, एपॉक्सीने जोडली, पण मध्ये जाड थर राहिला. फेराइटच्या दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरचीही फट राहिली की चुंबकीय रेषांना तो हवेचा खड्डा होतो, इंडक्टन्स खाली येते. पुढे मी ती कॉइल कामाच्या ठिकाणी एलसीआर मीटरवर, म्हणजे कॉइल-कंडेन्सर मोजायच्या यंत्रावर लावली तर ४८० दाखवलं, ६०० च्या जागी. ४८० झाल्यावर अँटेनाचं डोलणं सगळ्याच स्टेशनांना बारा टक्के वर सरकलं, सुई पुण्यावर असताना अँटेना ८८५ ला डोलत होती आणि पुण्याचा सिग्नल असायला हवा त्याच्या बाविसाव्या हिश्शाला आलेला. त्या गृहस्थाने दिवसा सांगली लावून ट्रिमर पिळला, आवाज वाढला, खूश.

पण सांगलीला ४८० च्या कॉइलबरोबर किती वाढवायला लागतात? २७ च्या जागी ३४, म्हणजे साधारण ७ पिकोफॅरड. पुण्याला ६७ च्या जागी ८४, म्हणजे १७. मुंबई ५५८ ला तर ३४. ट्रिमर सगळीकडे तेच ७ देणार. सांगली पूर्ण दुरुस्त, पुण्याचं डोलणं ८८५ वरून ८४५ पर्यंत आलं आणि तिथेच अडकलं, अजून तेरापट कमी. आवाजात तेरापट जाणवत नाही, एजीसी नावाची सोय आतून जोर वाढवते, पण ती खरखरीचाही जोर वाढवते, म्हणून बातम्यांच्या वर पाऊस पडतोय असं वाटत होतं. डायलचं खालचं टोक कॉइलने बसवायचं आणि वरचं टोक ट्रिमरने, हा नियम मला पाठ होता हो, का तसं ते मला त्या दिवशी ओसरीत कळलं: खाली गँग स्वतःच मोठा असतो, त्यात सात पिकोची भर म्हणजे दर्या मे खसखस.

एपॉक्सी कॉइलच्या कागदी नळीपर्यंत गेलेला, कॉइल सरकेना, फट आत झाकलेली. मी सगळा रॉडच सोल्डर काढून पुण्याला घेऊन आलो. दोन आठवडे रेडिओ बंद, त्याबद्दल फोनवर जे ऐकलं ते राहू दे. बुधवार पेठेत जुन्या मालात त्याच जाडीची रॉड मिळाली, थोडी लांब होती. कॉइल अलगद नव्या रॉडवर घातली, लिट्झची टोकं परत टिन केली, म्हणजे सोल्डरचा मुलामा दिला, सगळे धागे सोल्डरला लागले पाहिजेत, चार सुटले तरी क्यू पडतो.

पुढचा रविवार, परत ओसरी. आता बसवणं. सुई मुंबईच्या ५५८ ला, दुपारी ते इतकं बारीक येतं की बसवायला उत्तम, मोठ्या आवाजात कानाला फरक कळत नाही. कॉइल रॉडवर मध्याकडे सरकवली की इंडक्टन्स वाढते, टोकाकडे नेली की कमी, एक-एक मिलिमीटर सरकवत गेलो आणि एका जागी मुंबई एकदम उभी राहिली, तिच्या पुढे-मागे दोन्हीकडे उतार. ते शिखर बोटाला कळतं. मग सांगलीला जाऊन ट्रिमर, तो धातूच्या स्क्रू ड्रायव्हरने नाही, आत्याची विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी केलेली, कारण लोखंड जवळ नेलं की तेच सगळं हलवतं. ट्रिमर हलला की खालचं टोक थोडं बिघडतं, मग परत मुंबई, परत सांगली. तीन फेऱ्या. मग पळी आणि तुकडा, पुण्यावर दोन्हींनी आवाज कमीच झाला. मेणबत्तीचे चार थेंब कॉइलच्या कडेला, सरकायला नको.

हे करताना मला इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज आठवत होता. १८८९ मध्ये त्याने दोन काचेच्या बरण्या घेतल्या, लेडन जार, म्हणजे मोठे कंडेन्सरच, प्रत्येकीला तारेचं एक रिंगण. एका बरणीत ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या रिंगणातली आडवी तार सरकवत राहायचं. एका नेमक्या जागी दुसरी बरणीही ठिणगी टाकायची, जरा पुढे सरकवली की गप्प. मी कॉइल सरकवत होतो, तो तार. १८९७ मध्ये त्याने वायरलेसला हे लावून पेटंट घेतलं, मार्कोनीचं ७७७७ नंबरचं प्रसिद्ध पेटंटही याच जुळवणीचं, १९०० चं. ही जुळवणी येण्याआधी ठिणगीवाली यंत्रं सगळ्या पट्ट्यावर एकदम सांडायची, दोन जण एकाच वेळी बोलले की दोघांचाही चिखल.

तर झाकण लावलं, रबरबँड चढवला, पुणे दणदणीत. आत्याने उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "परत तसंच झालं बघ."

खरंच झालं होतं. खाली ओसरीत दणदणीत, फळीवर खरखर. सांगली मात्र फळीवरही बरी.

मला घाम फुटला, सोल्डर सुटलं की काय. उचलून खाली आणला, मस्त. वर ठेवला, मेला. तिसऱ्या वेळी घेऊन जाताना दारात वळलो आणि वळता वळता आवाज गेला, तेव्हा हसू आलं. रंग काढायच्या आधी रेडिओ कुठे असायचा विचारलं, तर दक्षिणेच्या भिंतीला, खिडकीशेजारी. रंगानंतर फळी पूर्वेच्या भिंतीला मारलेली.

फेराइट रॉड रेडिओच्या लांबीत आडवी बसलेली असते. पूर्वेच्या भिंतीला टेकवला की ती दक्षिणोत्तर होते, आणि पुणे साताऱ्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला. रॉडचं टोक स्टेशनकडे असलं की कॉइलमधून त्याच्या चुंबकीय रेषा जातच नाहीत, सिग्नल पडतो. घर काही होकायंत्र लावून बांधलेलं नाही, तरी पुण्याचा सहावा हिस्सा जेमतेम उरत असेल. सांगली आग्नेयेला तिरकी, तिचा निम्म्याहून जास्त उरतो. म्हणजे आत्याच्या त्या एका वाक्यामागे दोन आजार होते, एक कांडीत आणि एक भिंतीत, आणि दोन्ही पुण्याच्याच विरुद्ध. पहिल्या दिवशी मी फळीवर ऐकून निदान करायला बसलो असतो तर चांगला रॉडही मी तोडून बघितला असता.

ड्रिल मशीन शेजारच्यांकडून आणलं, फळी काढून दक्षिणेच्या भिंतीला परत मारली, नव्या रंगावर दोन भोकं राहिली. आत्या भोकांकडे बघत होती. मग रेडिओ लावला, पुणे लागलं, आणि तिने पळी हातात घेऊन हुंगून बघितली, धुतली का नाही ते.